चाचणीचं कापड

शाहूपुरीत मोटार रिवायंडिंगच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमचं ऑफिस होतं. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या मैत्रिणीचं. आम्ही दोघी इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. मग दोघींनी कायद्याची पदवी घेतली, पुण्यातल्या एका मोठ्या फर्ममध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून काही वर्षं कंपन्यांचे पेटंट अर्ज लिहिले, आणि एके दिवशी ठरवलं की हेच काम आपल्या गावात जाऊन करायचं. कोल्हापुरात यंत्रं बनवणाऱ्यांना तोटा नाही. त्यांच्या डोक्यातलं त्यांच्याच नावावर राहावं म्हणून भांडणारं कुणीतरी इथं हवं, असं आम्हाला मनापासून वाटायचं. जागा तिच्या काकांची होती. पाटीवर दोघींची नावं एकाच मापाच्या अक्षरांत होती. रंगारी आला तेव्हा ती शेजारी उभी राहून बघत होती, माझं नाव बारीक पडलंय का म्हणून.

पहिलं वर्ष समजावण्यातच गेलं. कांदालसूण चटणीवाले यायचे आणि म्हणायचे, "मॅडम, चटणीचं पेटंट काढून द्या." त्यांना हवा असायचा ट्रेडमार्क. हुपरीचे एक पैंजण बनवणारे काका आले, त्यांच्या घुंगराची घडण शेजाऱ्यानं उचलली होती. त्यांचं डिझाइन नोंदवलं ते आमचं पहिलं काम. उचगावात आमच्या घरी शेजारच्या बायका आईला विचारायच्या, पोरगी कसली वकील हाय म्हणायची? आई सांगायची, "डोक्यातल्या गोष्टींची." याहून नेमकं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

मैत्रीण मोकळी होती, मोठ्या आवाजाची. कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं "मी आलो, मी जेवलो" असंच ती पुण्यातही बोलायची. लोक हसले की आणखी जोरात बोलायची. मी मात्र तिथं पहिल्याच आठवड्यात "आले, गेले" शिकून घेतलं होतं. तिचं घर पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात, दारात म्हशी. म्हैस व्याली की तिची आई माझ्यासाठी खरवसाचा डबा वेगळा काढून ठेवायची. त्या घरात मला कधी वेगळा कप मिळाला नाही. बौद्ध घरातल्या मुलीच्या हे लक्षात येतं, आणि लक्षात राहतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून भाकरी थापलेली आहे.

आमची काम करायची एक पद्धत होती. अर्ज लिहून झाला की मी तो तिला वाचून दाखवायची आणि ती समोरच्या पक्षाची वकील व्हायची. पायावर पाय टाकून, पेन हलवत, ती माझ्या अर्जाच्या चिंध्या करायची. मी उत्तरं द्यायची. जिथं उत्तर सुचायचं नाही तिथं मी तिला सरळ सांगायची की बाई, इथं आपण कच्चे आहोत. मग दोघी मिळून ती जागा पक्की करायचो. मला एकटीला बसून विचार करता येत नाही. मला तो बोलावा लागतो. तिच्याशी मी तो बोलत होते.

मग कबनूरचे ते गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आसपास, यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना. जिना चढून आले, खुर्चीवर बसले आणि पिशवीतून साबणाच्या वडीएवढा एक डबा काढून टेबलावर ठेवला.

"धागा तुटायच्या आधी माग थांबवतंय हे," ते म्हणाले.

"तुटल्यावर?" मी विचारलं.

"तुटल्यावर कोण बी थांबवंल की. तुटायच्या आधी!"

मागावरच्या उभ्या धाग्यात ताण वाढला की तो एका विशिष्ट तऱ्हेनं थरथरतो. डब्यातला सेन्सर ती थरथर ऐकायचा आणि आतला प्रोग्रॅम ठरवायचा की आता हा धागा जाणार. त्यांनी आणि त्यांच्या पुतण्यानं मिळून ते केलं होतं. पुतण्या सांगलीला शिकलेला, प्रोग्रॅम त्याचा. आम्ही दोघी कबनूरला गेलो. मागांच्या खडखडाटात त्यांनी डबा बसवून दाखवला. माग आपोआप थांबला, त्यांनी एका धाग्यावर बोट ठेवलं, हलकेच ओढला, आणि तो तुटला. मैत्रिणीनं टाळी वाजवली. मी पुण्यात कितीतरी अर्ज लिहिले होते, पण जे लिहितेय त्याच्यामुळे अंगावर काटा आला, असं पहिल्यांदाच झालं.

अर्ज लिहिण्यासाठी पुन्हा कबनूरला गेलो तेव्हा मी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला: अर्जाआधी हे कुणी पाहिलंय का, कुठं वापरलंय का? ते म्हणाले, मेव्हण्याच्या शेडमधल्या एका मागावर काही महिने लावून बघितलं. मी विचारलं, चाचणी म्हणून? म्हणाले, व्हय, चाचणीच की. अर्जाआधी शोध उघड वापरात आला तर पेटंट मिळत नाही, पण कायदा चाचणीला सूट देतो. शोध उघड्यावर तपासून बघण्याशिवाय गत्यंतर नसेल तर मुदतीच्या आत तेवढं चालतं. पण जाता जाता ते असंही बोलून गेले की त्या मागावरचं कापड नेहमीसारखंच व्यापाऱ्याला गेलं.

त्या दिवशी परत येताना आम्ही हायवेच्या कडेला एका रसवंतीवर थांबलो. स्कूटर तिची होती. उसाचा रस पिता पिता मी तिला म्हणाले, "मला त्या शेडची भीती वाटते. चाचणीचं कापड कपाटात राहतं, धंद्याचं कापड बाजारात जातं. कुणी नुसतं एवढंच विचारलं ना, की कापड कुठं गेलं, तर आपला अर्ज अर्धा कोसळेल."

ती म्हणाली, "कोण विचारतंय? शेडपर्यंत कोण पोचतंय?"

"कुणी पोचलं तर?"

"तर बघू की. पी रस."

आम्ही अर्ज दाखल केला; त्यात धागा तुटल्यावर थांबवणारा त्यांचा आधीचा डबाही घेतला होता. पुढं तो रीतीप्रमाणे प्रसिद्ध झाला आणि पुण्याच्या एका मशिनरी कंपनीनं त्याला विरोध नोंदवला. यात नवल नव्हतं. विरोध वाचला तर तो ढोबळ होता: यात नवीन काही नाही, हा नुसता संगणकाचा प्रोग्रॅम आहे, असं. त्याची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. सुनावणीच्या आधी मात्र त्यांनी एक जादा प्रतिज्ञापत्र जोडलं, मेव्हण्याच्या शेडमध्ये पूर्वी कामाला असलेल्या एका माणसाचं, की हा डबा आम्ही कितीतरी दिवस चालवत होतो. मी मैत्रिणीला म्हणाले, "शेडपर्यंत पोचले की गं." ती म्हणाली, "अगं, कबनूर ते. तितं भिंतीला कान न्हाईत, दारंच हाईत." मला हसू आलं होतं. हे तिच्याकडून गेलं असेल असा विचार मला शिवलाही नाही.

सुनावणी व्हिडिओवर होती. मैत्रीण त्या दिवशी नात्यातल्या लग्नाला पुण्याला गेली होती. कबनूरचे गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसले होते. कंपनीचे वकील माझ्याहून खूप ज्येष्ठ, शांत बोलणारे. प्रोग्रॅमच्या मुद्द्यावर त्यांनी वेळ घालवलाच नाही. ते थेट शेडवर आले. इंग्रजीत बोलत होते, कोर्टाच्या रीतीनं मला 'विद्वान मैत्रीण' म्हणत; जे म्हणाले ते असं होतं: "आमच्या विद्वान मैत्रीण याला चाचणी म्हणतील. चाचणीचं कापड कपाटात राहतं. धंद्याचं कापड बाजारात जातं. त्यांनी एवढंच सांगावं की हे कापड कुठं गेलं."

भाषा इंग्रजी होती. वाक्य माझं होतं.

मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. दिलं, कारण अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि लेखी म्हणणं मांडायला मुदत दिली. मला आठवतं ते शेजारच्या खुर्चीचं करकरणं. पडदा बंद झाल्यावर गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, कापडाचं मी तुमालाच सांगितलं हुतं."

"हो," मी म्हणाले.

"आनि कुनाला न्हाय. मेव्हण्याला तर ह्यात काय चूक हाय हेच ठावं न्हाय."

"हो."

 ते चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली, हातात पुण्याहून आणलेल्या खाऊचा पुडा. "कसं झालं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "तू कुणाशी बोललीस?"

"कशाबद्दल?"

"रसवंतीवर मी जे बोलले होते त्याबद्दल."

तिला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला असता, ही माझी त्या वेळची अवस्था होती. ती खोटं बोलली नाही. पुडा टेबलावर ठेवून ती खाली बसली.

"मी कागद एक बी दिला न्हाय," ती म्हणाली. "मुलाखतीत विचारलं त्यांनी. तुमच्या त्या अर्जात कच्चं काय हाय, तुम्ही समोरच्या बाजूनं असता तर कुठं धरला असता. मी बोललो."

"कसली मुलाखत?"

मग कळलं. विरोध नोंदवणाऱ्या त्याच कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला माणूस हवा होता. तिनं अर्ज केला होता, दोनदा पुण्याला जाऊन आली होती. लग्न नव्हतंच. पुढच्या महिन्यापासून ती रुजू होणार होती.

"आपल्या अशिलाचं गुपित देऊन नोकरी घेतलीस तू."

"गुपित कसलं? अख्ख्या कबनूरला ठाऊक हाय कापड इकलंय त्ये."

"कापड विकलं ते ठाऊक होतं. ते कुठं लागतं ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं."

 खाली दुकानात कुणीतरी मोटार सुरू करून बघत होतं. तिची घरघर जमिनीतून खुर्चीत येत होती. मग ती म्हणाली, "मला ह्या जिन्यावर म्हातारं व्हायचं न्हाय. तुला चटणीवाल्यांना समजावत बसायला आवडतंय. मला न्हाय आवडत. घरात रोज लग्नाचं काढतात, काका येता-जाता ऑफिसात डोकावतात. मला हितनं सुटायचं हुतं."

"मला सांगायचंस. मी जा म्हणाले असते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. मला वाटतं, खरंच आलं नव्हतं. त्या दुपारी तिनं आपली पुस्तकं खोक्यात भरली. खोकं जड होतं. जिन्यावरून ते खाली न्यायला मी दुसरी बाजू धरली. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. वर्षानुवर्षं दोघींनी मिळून उचललेल्या वस्तूंची सवय असावी.

गृहस्थांना खरं सांगायला मी कबनूरला गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. माग चालू होते आणि ते बंद करायला तयार नव्हते, ऑर्डर होती म्हणे. त्यामुळे मला ते ओरडून सांगावं लागलं.

"माझ्या भागीदारानं सांगितलं!"

"काय?"

"माझ्या भागीदारानं! कंपनीला सांगितलं!"

पलीकडच्या मागावरच्या बाईनं मान वळवून बघितलं. गृहस्थांनी मला बाहेर नेलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच केटलीतला च्या पिताय की, मॅडम. तिनं केलं आनि तुम्ही केलं न्हाय, हे मी कसं समजू?"

मी त्यांना म्हणाले की माझ्याकडे याचा पुरावा नाही. बार कौन्सिलकडे तिची तक्रार करायची माझी तयारी आहे, पण त्यात तुमचं म्हणणं लागेल. त्यांनी हात जोडले. "मला तुमच्या दोघींच्या भांडणात ओढू नका. मी मागवाला मानूस." तक्रार तिथंच थांबली. नुसत्या एका वाक्यावर, रसवंतीवर बोललेल्या, काय उभं राहणार होतं?

एकच गोष्ट मी त्यांच्याकडे मागितली. लेखी म्हणणं मला मांडू द्या, मग फाइल कुणालाही द्या. ते म्हणाले, "करा. आता आनि काय जायचं ऱ्हायलंय?"

आठवडाभरात मैत्रिणीचे काका ऑफिसात आले. मला नेहमी "काय वकिलीनबाई" म्हणणारा माणूस, त्या दिवशी दारातच उभा राहिला. जागा पोराला लागणार आहे, म्हणाले. मग थांबून म्हणाले, "आमच्या पोरीचं नाव खराब करताय असं कानावर आलंय. ते काय बरं न्हाय." मी एकाही माणसाला काही बोलले नव्हते, कबनूरला तेवढी ओरडले होते. पुढं कोर्टाच्या आवारात एका ओळखीच्या वकिलानं मला सहानुभूतीनं सांगितलं की काका काय म्हणत होते: एवढं बसवून घेतलं, जागा दिली, पण त्यांच्यात असंच असतंय. 'त्यांच्यात' म्हणजे कुणात, हे मला विचारावं लागलं नाही. तिच्या आईच्या स्वयंपाकघरातला तो कप त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि मला पहिल्यांदाच रडू आलं. ते मैत्रिणीमुळे नव्हतं. इतकी वर्षं मी निर्धास्त होते, त्याचं रडू होतं.

वडिलांना मी काहीच सांगितलं नव्हतं. टेबल आणि कपाट टेम्पोतून उचगावला आलं तेव्हा त्यांनी विचारलं नाही. पुढच्या खोलीतला पलंग त्यांनी एकट्यानं सरकवला, बुद्धाची तसबीर थोडी वर घेतली आणि तिच्याखाली माझं टेबल लावून दिलं. "उजेड हितं बरा येतो," एवढंच म्हणाले.

तिथं बसून मी लेखी म्हणणं लिहिलं. समोरच्या पक्षाची वकील व्हायला कुणी नव्हतं. मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, कुणाशी बोलतीस गं? असंच एकदा मोठ्यानं बोलताना मला पहिल्या दिवशीचं ते संभाषण आठवलं. तुटल्यावर कोण बी थांबवंल. मी गृहस्थांना फोन लावला. मेव्हण्याच्या शेडमध्ये जो डबा होता, तो आधी थांबवायचा की नंतर?

"त्यो पयला डबा," ते तुटकपणे म्हणाले. "त्यो तुटल्यावरच थांबायचा. थरथर ऐकायचं पुतण्यानं मागनं केलं, हितं, आमच्यात. दार लावून."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाय."

मी विचारलं होतं, पण वाद घातला नाही. अर्जात दोन्ही डब्यांचं वर्णन होतं आणि हक्क दोन्हींवर मागितला होता. पहिल्या डब्यावरचा हक्क मी सोडून दिला. फक्त थरथर ऐकणाऱ्या, आधी थांबवणाऱ्या डब्यावर दावा ठेवला; तो शेडमध्ये कधी गेलाच नव्हता, त्याचं कापड बाजारात जायचा प्रश्नच नव्हता. पुतण्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि पाठवून दिलं. बऱ्याच महिन्यांनी निकाल लागला. पेटंट मिळालं, मागितलं होतं त्याच्या निम्म्याएवढं. गृहस्थांना मी कळवलं. "बरं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. फाइल त्यांनी इचलकरंजीच्या एका वकिलाकडं नेल्याचं मला नंतर समजलं.

मग एक दिवस ते उचगावला, आमच्या घरी आले. त्याच कंपनीला आता आधी थांबवणारा डबा हवा होता. पेटंट असल्यामुळे तो त्यांना तसा बनवता येत नव्हता; म्हणून परवान्याचा करार पाठवला होता. गृहस्थांनी तो टेबलावर ठेवला. "इचलकरंजीचा वकील म्हणतोय सही करा. मला शंका येत्या. तुमी एकदा बगा."

"माझी शंका येत नाही आता?"

ते चपलेकडं बघत म्हणाले, "येती की. पन तुमी येऊन त्वांडावर सांगितलं हुतं. दुसऱ्या कुनी सांगितलं नसतं."

ही माफी होती की नाही, मला कळलं नाही. आईनं त्यांना चहा दिला. मी करार वाचला. भाषा कुणाची आहे ते पहिल्या पानावरच समजलं. एका कलमात, अगदी सरळ दिसणाऱ्या शब्दांत, लिहिलं होतं की या यंत्रात पुढं ते आणि त्यांचा पुतण्या जी काही सुधारणा करतील ती आपोआप कंपनीच्या मालकीची होईल.

बैठक पुण्यात, कंपनीच्या ऑफिसात झाली. ती टेबलाच्या पलीकडं बसली होती. केस कापले होते. "मी हा मसुदा पाठवला होता, त्यावर तुमचे आक्षेप सांगा," असं ती मला म्हणाली. तुमचे. मी सांगितलं, हे सुधारणांचं कलम काढावं लागेल.

"कंपनी मान्य करणार नाही."

"मग सही होणार नाही."

गृहस्थ एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. ती उठून बाहेर गेली, फोनवर बोलली, परत आली आणि पेननं ते कलम खोडलं. मला तिच्या पेन धरायच्या पद्धतीवरून कळत होतं की हे तिला आधीपासून ठाऊक होतं: ते कलम टिकणार नाही, आणि ते मीच पकडणार.

लिफ्टपाशी ती मागून आली. "जेवून जा," म्हणाली. "मी लवकर निघते आज."

निघते, म्हणाली. निघतो नाही. मी म्हणाले, "तुझ्या आईला भेटलीस का इतक्यात? बाजारात दिसली होती. मला विचारत होती, येत का नाहीस म्हणून."

"मग? काय सांगितलंस?"

"मी कामात असते म्हणाले."

तिचे डोळे भरले. लिफ्ट आली, आणि गृहस्थ दारात पाय घालून, ते मिटू नये म्हणून, माझी वाट बघत उभे राहिले. मी आत गेले.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. कराड सोडल्यावर म्हणाले, "मॅडम, आमचा पुतण्या आनि एक डबा करायलाय. अजून कुनाला दाखवलेला न्हाय. सांगू का?"

मी एस.टी.त आजूबाजूला बघितलं. पुढच्या सीटवर एक म्हातारा झोपला होता, पलीकडं कॉलेजची दोन मुलं मोबाइल बघत होती.

"इथं नको," मी म्हणाले. "घरी या. दार लावून बोलू."